रॉयल्सनं या हिवाळ्यात जे केलं, त्यावर किती आशा धरावी?

तुम्ही लिहिलंय की ओव्हरलँड पार्कला येऊन काही वर्षं झाली, पाचवीतला मुलगा कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाच्या नादी लागलाय, आणि तुम्ही स्वतः क्रिकेटवर पोसलेले असल्यामुळे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देताना तारांबळ उडते. गेल्या हिवाळ्यात संघानं जोनाथन इंडिया नावाच्या बॅटरला आणलं तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते. प्रत्यक्षात २०२४ ला ८६ सामने जिंकलेला संघ २०२५ ला ८२ वर आला आणि पोस्टसीझन, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, हुकली. आता पुन्हा चार-पाच नवी नावं आली आहेत. तुम्ही विचारताय, की या हिवाळी घडामोडींवरून पुढच्या मोसमाचा काही अंदाज बांधता येतो, की हा सगळा तिकिटं खपवायचा गलबला आहे? जोडीला दोन उपप्रश्न आहेत: हे लोक एखादा बडा खेळाडू का उचलत नाहीत, आणि मुलाला कोणाच्या नावाची जर्सी घ्यावी?

जर्सीचं शेवटी बघू. आधी माझी ओळख, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी बेसबॉलच्या आकड्यांवर पोट भरतो. आधी एका मायनर लीग संघाकडे होतो, आता खेळाडूंच्या एजंटांसाठी पगाराच्या लवादाची कागदपत्रं तयार करतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आमचा सुगीचा काळ. रॉयल्सशी माझा धंद्याचा काही संबंध नाही.

अंदाज बांधता येतो, पण बातम्या ज्या टोकाकडून गोष्ट सांगतात त्या टोकाकडून नाही. बातमीत असतं ते कोण आलं आणि किती पैसे मिळाले. मी आधी बघतो तो कोणाच्या जागी आला आणि त्या जागेवर आदल्या वर्षी काय हाल होते. हिवाळ्यात बाजारातून विकत मिळतो तो मुख्यतः दुरुस्तीचा माल. पावसाळ्याआधी फुटकी कौलं बदलता येतात. घरावर मजला मात्र घरच्याच पोरांनी चढवायचा असतो. रॉयल्सचे मागचे दोन हिवाळे शेजारी ठेवले की हे नीट दिसतं. कार्यालय तेच, जनरल मॅनेजर जे. जे. पिकोलो तेच, मॅनेजर मॅट क्वात्रारो तेच, आणि निकाल दोन तऱ्हेचे.

त्याआधी थोडं आयपीएलचं भूत उतरवू. इथे लिलाव नसतो आणि संघ मोडून नव्यानं बांधता येत नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडू संघाला बांधलेला असतो. पहिली तीनेक वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो (२०२६ साठी किमान पगार ७ लाख ८० हजार डॉलर), पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या धाकानं ठरतो, आणि त्यानंतर तो फ्री एजंट होतो. म्हणजे बाजारात सुटा मिळणारा खेळाडू बहुधा तिशीच्या आसपासचा असतो. सर्वांत चांगली वर्षं स्वस्तात दुसऱ्या कोणी वापरून घेतलेली असतात. लवादाची गंमत अशी की तीन पंचांसमोर एक आकडा खेळाडूचा असतो, एक संघाचा, आणि पंचांना दोनपैकी एकच उचलावा लागतो. मधला काढायची सोय नाही. म्हणून बहुतेक जण आधीच तडजोड करतात, आणि ज्याचा पगार त्याच्या खेळापेक्षा वर जाईल अशी संघाला भीती असते त्याला नोव्हेंबरमध्ये करार न देता सोडून देतात. यंदा एम. जे. मेलेंडेझचं तेच झालं.

आता वही उघडू. मी कुठल्याही संघाचे जिंकलेले-हरलेले सामने सुरुवातीला बघतच नाही. किती धावा काढल्या आणि किती दिल्या, एवढंच बघतो. ढोबळ हिशेब असा की वर्षभरात साधारण दहा धावांचा फरक पडला की एक विजय इकडचा तिकडे होतो. बिल जेम्सनं चार दशकांपूर्वी मांडलेलं सूत्र आहे: काढलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. मुलाला गणिताचा सराव म्हणून करायला द्या. १६२ सामन्यांवर ते आश्चर्य वाटेल इतकं जमतं.

२०२३ चे रॉयल्स ५६ जिंकले, १०६ हरले. त्यांनी साधारण ६७५ धावा काढल्या आणि ८६० च्या आसपास दिल्या. सूत्रात घातलं तर ६२ विजय येतात. म्हणजे संघ वाईट होताच, पण दिसत होता तेवढा नाही. थोडं नशीबही फुटकं होतं. आणि रोग कुठे होता ते लगेच कळतं: दिलेल्या धावा. त्यातही जागा दाखवता येते. जॉर्डन लाइल्स नावाच्या पिचरनं (आपल्या भाषेत गोलंदाजानं) त्या वर्षी ३१ सामन्यांची सुरुवात केली, १७७ इनिंग टाकल्या, आणि त्याचा ईआरए ६.२८ होता. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा. चार म्हणजे ठीकठाक, तीन म्हणजे उत्तम, सहाच्या वर म्हणजे त्या दिवशी स्टेडियमला न गेलेलं बरं. झॅक ग्रिंकी एकेकाळचा थोर पिचर, पण त्या वर्षी २ जिंकला, १५ हरला, ईआरए पाचच्या वर.

त्या हिवाळ्यात संघानं सुमारे ११ कोटी डॉलरचे करार केले. त्यातले मोठे दोन: सेथ लूगो, ३ वर्षांना साडेचार कोटी, मायकेल वाका, २ वर्षांना ३ कोटी २० लाख. देशभर कोणी फारसं वळूनही पाहिलं नाही. लूगो ३४ वर्षांचा. न्यूयॉर्क मेट्सकडे त्याची बरीच वर्षं बुलपेनमध्ये, म्हणजे मधूनच येऊन एक-दोन इनिंग टाकण्यात गेलेली. पूर्णवेळ स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणून सॅन डिएगोला एकच धड मोसम झालेला. पण त्याच्याकडे एक-दोन नव्हे, आठ-नऊ तऱ्हेचे चेंडू आहेत, आणि त्याची कर्व्ह प्रचंड फिरकी घेऊन खाली पडते. असा माणूस वेग थोडा कमी झाला तरी निभावून नेतो. हे कागदावर दिसत होतं.

मग हिशेब करा. लाइल्सच्या १७७ इनिंगमध्ये खात्यावर लागलेल्या धावा साधारण १२४. लूगोनं २०२४ ला २०६ इनिंग टाकल्या, ईआरए बरोबर ३.००. त्याच दरानं १७७ इनिंग टाकल्या असत्या तर धावा ५९. एका जागेवर ६५ धावांचा फरक, म्हणजे सहा विजय. सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो दुसरा आला, पण त्याच्या जागी साधा चारच्या ईआरएचा पिचर असता तरीसुद्धा साडेचार विजय पदरात पडले असते! छिद्र मोठं असतं तेव्हा साधं बूचही सोन्यासारखं वाटतं. वाकानं १३ सामने जिंकले, ईआरए ३.३५. संघानं २०२४ ला दिलेल्या धावा ८६० वरून ६४५ च्या खाली आल्या. विजय ५६ वरून ८६. शंभरावर सामने हरून लगेच पुढच्या वर्षी पोस्टसीझन गाठायचं असं याआधी मिनेसोटानं २०१७ ला केलं होतं, आणि मायामीनं २०२० च्या तोकड्या मोसमात. रॉयल्सनी बाल्टिमोरला दोन सामन्यांत घरी पाठवलं आणि मग यांकीजकडून हरले.

इथे लोक थांबतात आणि म्हणतात, बघा, हिवाळी खरेदी यशस्वी. पण त्याच हिवाळ्यातली बाकीची खरेदी आठवते का? हंटर रेनफ्रो मधल्या फळीत मोठे फटके मारायला आणला; २०२४ यथातथा गेलं आणि २०२५ च्या मे महिन्यात संघानं त्याला सोडलं. विल स्मिथ हा सलग तीन वर्षं तीन वेगळ्या संघांबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकून आलेला. रॉयल्ससाठी त्याचा ईआरए साडेसहा. क्रिस स्ट्रॅटन साडेपाच. बुलपेन सावरलं ते जुलैत ओकलंडकडून आणलेल्या लुकास अर्सेगनं, हिवाळ्यात घेतलेल्या नावांनी नव्हे. थोडक्यात, इतिहासात नोंद व्हावी अशा हिवाळ्यातसुद्धा निम्म्याहून जास्त माल बाद निघाला. दोन पिचर लागले, आणि ते नेमके सर्वांत मोठ्या छिद्रांवर बसले. बुलपेनच्या खरेदीवर तर मी कधीच जीव टाकत नाही. हे लोक वर्षाला साठ-पासष्ट इनिंग टाकतात. तेवढ्या थोड्या कामात नशीब आणि कौशल्य वेगळं काढणं आमच्यासारख्यांनाही अवघड जातं.

दुसरी गोष्ट, मजला कोणी चढवला? बॉबी विट ज्युनियरनं. ०.३३२ ची सरासरी, अमेरिकन लीगमध्ये पहिला. ३२ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे), ३१ चोऱ्या, म्हणजे चोरलेले बेस. तो रॉयल्सनीच निवडलेला आणि वाढवलेला. कोल रेगन्स हा २०२३ च्या जूनअखेरीस टेक्सासकडून आला, ॲरोल्डिस चॅपमनच्या बदल्यात. तेव्हा ती हरणाऱ्या संघाची सामानविक्री वाटत होती. हिवाळ्याच्या बातम्यांत या दोघांचं नाव 'नवीन' म्हणून कुठेच नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट, जी चाहत्यांना सांगितली की ते रागावतात. २०२४ ला रॉयल्सचे चार स्टार्टर (लूगो, रेगन्स, सिंगर, वाका) मिळून १२६ सामन्यांची सुरुवात करून गेले. १६२ पैकी १२६! पिचरांचे खांदे-कोपर इतके धड राहतील असा अंदाज मी कधीही बांधणार नाही. शिवाय त्याच गटात शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरण्याचा विक्रम करत होते, आणि रॉयल्सनी त्यांच्याशी १२-१ असा हिशेब केला. ते सामने सोडले तर उरलेल्यांत रॉयल्स ७४-७५ होते. हे वाचून मुलाला वाईट वाटेल, त्याला सांगू नका.

आता तुमचा इंडियावाला हिवाळा. सिनसिनाटीला ब्रेडी सिंगर देऊन जोनाथन इंडिया घेतला, सोबत जोई वीमर. दोघांचीही फ्री एजंट व्हायला दोन-दोन वर्षं उरलेली, त्यामुळे कागदावर सौदा बरोबरीचा. रॉयल्सच्या पहिल्या क्रमांकावरचे बॅटर २०२४ ला विटच्या आधी बेसवर पोचतच नव्हते, आणि इंडियाचं बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.३५७ होतं. म्हणजे छिद्र बरोबर ओळखलं होतं. पण इंडिया मूळचा दुसऱ्या बेसचा माणूस. तिथे मायकेल मॅसी असल्यामुळे त्याला डाव्या मैदानात आणि तिसऱ्या बेसवर फिरवलं. त्यामुळेच बॅट थंडावली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण प्रमाण ०.३२३ वर आलं. त्याच हिवाळ्यात कार्लोस एस्तेवेझला २ वर्षांसाठी २ कोटी २० लाखांना घेतलं, आणि त्यानं ४२ सेव्ह करून (म्हणजे शेवटी येऊन निसटती आघाडी राखून) दोन्ही लीगमध्ये पहिला नंबर काढला. वाकाला ३ वर्षांसाठी पुन्हा बांधलं.

मग घसरण का? वही बघा. २०२५ ला दिलेल्या धावा आणखी थोड्या कमीच झाल्या, ६४० च्या आसपास. तेही रेगन्स खांद्यामुळे १३ च सामने सुरू करू शकला असताना, क्रिस बुबिक ऑल-स्टार होऊन जुलैअखेर खांदा धरून बसला असताना, आणि लूगोचा ईआरए चारच्या वर गेला असताना. ओमाहाच्या ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीच्या, संघातून आलेल्या नोआ कॅमरननं २४ सामने सुरू केले आणि ईआरए तीनच्या आत ठेवला. पिचिंग टिकलं. काढलेल्या धावा मात्र ७३५ वरून ६५० पर्यंत उतरल्या. सूत्र म्हणतं ८२-८३ विजय, आणि झालेही ८२. यात नशिबाचा काही भाग नाही. जेवढी योग्यता तेवढेच गुण.

या ८५ धावा गेल्या कुठे? बऱ्याचशा आउटफिल्डमधून. तिन्ही जागा मिळून रॉयल्सचं आउटफिल्ड बॅटिंगमध्ये लीगच्या तळाशी घुटमळत होतं. जॅक कॅग्लिओन, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सहावा निवडलेला दांडगा मुलगा, जूनमध्ये वर आला आणि ०.१५७ च्या सरासरीवर राहिला. विट चांगलाच खेळला, पण २०२४ सारखं वर्ष दरवर्षी येत नसतं. होमरन ३२ वरून २३. उलट पहिल्या बेसवरच्या विनी पास्क्वांटिनोनं ३२ होमरन मारले, सॅल्वाडोर पेरेझनं पस्तिशीत ३०, आणि माइकेल गार्सिया एकदम फुलला. एवढं असूनही ६५०. म्हणजे बाकीच्या जागा किती खोल खड्ड्यात होत्या त्याची कल्पना करा.

आतापर्यंतचं गाठीला बांधून पुढे जाऊ. पहिल्या हिवाळ्यात छिद्र पिचिंगचं होतं, पैसा तिथेच गेला आणि शरीरं टिकली. दुसऱ्या हिवाळ्यात छिद्र बॅटिंगचं होतं, त्यावर ठिगळ एकच लावलं आणि तेही नीट बसलं नाही. पैसा मात्र जिथे आधीच बरं चाललं होतं त्या पिचिंगवर गेला. त्या पैशानं पिचिंग टिकलं हे खरं, म्हणून मी त्या हिवाळ्याला मूर्खपणा म्हणणार नाही.

यंदा काय झालं? नोव्हेंबरात पेरेझला आणखी २ वर्षांसाठी अडीच कोटींना ठेवलं. गार्सियाला ५ वर्षांचा ५ कोटी ७५ लाखांचा करार दिला. माझ्या मते हीच या हिवाळ्यातली सर्वांत शहाणी सही, आणि बातम्यांत तिला सर्वांत कमी जागा मिळाली. डिसेंबरमध्ये मिल्वॉकीला एंजेल झेर्पा हा बुलपेनमधला डावखुरा पिचर देऊन आयझॅक कॉलिन्स आणि निक मिअर्स घेतले. फिलाडेल्फियाकडून जोनाथन बोलनच्या बदल्यात डावखुरा मॅट स्ट्रॅम आणला. लेन थॉमसला एका वर्षासाठी घेतलं. आणि जानेवारीत जाहीर केलं की घरच्या कॉफमन स्टेडियमच्या भिंती काही फूट आत आणि खाली घेणार.

छिद्र आउटफिल्डचं, आणि माणसंही आउटफिल्डचीच आली, ही पहिली चांगली खूण. कॉलिन्सनं गेल्या वर्षी बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.३६८ ठेवलं. वाईट चेंडूला बॅट लावत नाही, वॉक काढतो, म्हणजे चार वाईट चेंडू सोडून फुकटचा बेस मिळवतो. रॉयल्सच्या बॅटरांना हा गुण कधीच जडला नव्हता. पण तो अठ्ठाविशीत पहिला पूर्ण मोसम खेळलाय, आणि पुरावा त्या एकाच मोसमाचा आहे. शिवाय मिल्वॉकीवाले आपला माल विकतात तेव्हा मी किंचित सावध असतो. कधी विकायचं ते त्यांना फार चांगलं कळतं. लेन थॉमसनं वॉशिंग्टनकडे २०२३ ला २८ होमरन मारले होते. नंतर दुखापतींनी बेजार. डावखुऱ्या पिचरांविरुद्ध त्याची बॅट चालते. तेवढ्यापुरता वापरला तर उपयोग, रोज खेळवला तर पुन्हा खड्डा. म्हणून मार्चमध्ये नावापेक्षा तो कोणाविरुद्ध खेळतोय ते बघा.

भिंतींबद्दल तुमच्या मुलाला फार उत्साह असेल. कॉफमनचं मैदान अवाढव्य. तिथे दुसऱ्या मैदानात होमरन होणारे फटके हातात झेलले जातात. भिंत आत आली की विट, पास्क्वांटिनो, कॅग्लिओन यांचे असे काही फटके बाहेर जातील. पण भिंत दोन्ही संघांसाठी आत येते. ज्या संघाचं निम्मं यश दिलेल्या धावा कमी असण्यात आहे, त्यानं ती आत घ्यावी का, यावर आमच्या धंद्यात दोन तट आहेत. मला तो निर्णय बरोबर वाटतो. मोठ्या मैदानाची भीती बॅटरांच्या डोक्यात बसते, आणि ती काढायची ही स्वस्त तऱ्हा आहे. वजाबाकीही मी धरतो मात्र.

तर माझा हिशेब. ६५० धावांचा संघ ६९० पर्यंत न्यायला चाळीस धावा लागतात. आउटफिल्ड तळातून निघून फक्त मध्यावर आलं तर त्या मिळतात. कोणी तारा व्हायची गरज नाही. दुसरीकडे ६४० दिलेल्या धावा टिकतील असं मी धरत नाही. लूगो ३६ चा आहे, वाका जुलैत ३५ चा होईल, भिंती आत आल्यात. वीस-पंचवीस धावा तिकडे परत जातील. उरतात दीड-दोन विजय. माझा आकडा ८४, खालीवर पाच. २०२४ ला ८६ विजयांवर रॉयल्स आणि डेट्रॉइट दोघेही आत गेले होते. २०२५ ला ८७ जिंकूनही ह्यूस्टन बाहेर राहिला. म्हणजे संघ नेमका उंबरठ्यावर आहे. मुलाला सांगायचं तर सप्टेंबरपर्यंत रोज स्कोअर बघण्यात अर्थ असेल, एवढं नक्की सांगा.

हा आकडा कशानं बदलेल? सर्वांत आधी रेगन्सचा खांदा. तो तीस सामने सुरू करू शकला तर खालीवर पाचमधला वरचा भाग खरा वाटू लागेल. मग कॅग्लिओन. पहिल्या वर्षी ०.१५७ वर गेलेला बॅटर दुसऱ्या वर्षी उभा राहिल्याची उदाहरणं आहेत, न राहिल्याचीही आहेत. ताकद त्याच्याकडे आहे, पण वाकड्या चेंडूवरचा मोह आवरतो का ते पाहायचं. कार्टर जेन्सन हा तरुण कॅचर गेल्या सप्टेंबरात वर येऊन छान खेळला, आणि त्याच्यामुळे पेरेझचे गुडघे वाचले तर दोघांचा फायदा. आणि त्याच गटातले क्लीव्हलँड, डेट्रॉइट काय करतात हे तर रॉयल्सच्या हातातच नाही.

स्प्रिंग ट्रेनिंग ॲरिझोनात सुरू झालंय, त्या गावाचं नावच सरप्राइज. तिथल्या धावा, सरासऱ्या काही मनावर घेऊ नका. पिचर तिथे नवे चेंडू घोटत असतात, निकालाची त्यांना पर्वा नसते. पिचरचा वेग तेवढा बघा. रेगन्सचा फास्टबॉल नेहमीच्या जागी असेल तर मी निश्चिंत. आणखी एक, तुम्ही २६ जणांच्या यादीवरच नजर ठेवता असं दिसतं. त्यामागे ४० जणांची यादी असते आणि मोसम जातो तो तिसाव्या-पस्तिसाव्या माणसावर. गेल्या वर्षी कॅमरन तसाच आला. ओमाहाचा स्कोअर अधूनमधून बघत जा. जूनमध्ये कोण येणार ते तुमच्या घरात आधी कळेल.

बड्या खेळाडूचं विचारलंत. मेट्सनी हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले. बेसबॉलमध्ये पगारावर कडक मर्यादा नाही, वरच्या खर्चावर दंड आहे, आणि न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसचे संघ तो दंड भरून मोकळे होतात. कॅन्सस सिटीची बाजारपेठ लहान. असा एक करार फसला तर दहा वर्षं मान वर काढता येत नाही. शिवाय पैसे सारखे असतील तर बडा खेळाडू इकडे येईलच असं नाही. पण रॉयल्सनी बडा खेळाडू घेतला नाही हे खरं नाही. त्यांनी तो घरातच विकत घेतला. २०२४ च्या फेब्रुवारीत विटला ११ वर्षांचे २८ कोटी ८७ लाख दिले, त्याला फ्री एजंट व्हायला अजून चार वर्षं बाकी असताना. लहान गावाच्या संघाला परवडणारी हीच एक मोठी खरेदी असते, आणि ती वेळेवर केली तरच.

आता जर्सी. लेन थॉमसची मुळीच नको, एका वर्षाचा पाहुणा आहे. इंडियाची घ्यायचा मोह होईल हे मी समजू शकतो, पण त्याचा करारही याच वर्षापुरता आहे, आणि ऑक्टोबरनंतर तो फ्री एजंट होईल. पेरेझची घेतलीत तर ती आदरानं कपाटात राहील. विटचा करार २०३४ पर्यंत असला तरी २०३० च्या मोसमानंतर त्याला तो सोडायची मुभा आहे. तोवर तुमचा मुलगा दहावीच्या आसपास असेल आणि जर्सी कधीच लहान झालेली असेल, म्हणून ७ नंबर अगदी बिनधोक. पण वर्गातल्या निम्म्या पोरांच्या अंगावर तीच दिसणार. माझं मत विचाराल तर ११ नंबर, माइकेल गार्सिया. एक माप मोठी घ्या.